मृगयेचा दंड

एखादे राज्य कोणत्या वस्तूस आपली म्हणते हे जाणावयाचे असेल, तर त्याच्या जमाखर्चाच्या वह्यांपेक्षा त्याची दंडाची कोष्टके वाचावीत, असे आम्हांस वाटते. जमाखर्चात राजा काय मिळवितो ते दिसते. दंडाच्या कोष्टकात तो काय गमावू इच्छीत नाही ते दिसते. धान्य, गुरे, सोने, जमीन यांना मालक असतो, तेव्हा त्यांच्या अपहाराबद्दल दंड असावा यात नवल नाही. परंतु रानातले हरिण कोणी पेरलेले नसते, कोणी पोसलेले नसते, आणि कोणाच्या दावणीला बांधलेलेही नसते. असे असूनही त्याच्या वधाबद्दल राजे गेली दोन हजारांहून अधिक वर्षे पैसे वसूल करीत आले आहेत. हे पैसे नेमके कशाचे? अपराधाच्या शिक्षेचे, की मालाच्या किमतीचे? वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. परंतु हरणांचे जगणे आणि कित्येक गरीब माणसांचे स्वातंत्र्य या एका भेदावर अवलंबून राहिले आहे, असे इतिहास चाळू लागल्यावर दिसून येते.

या प्रश्नाचा विचार आम्ही नेवाशाच्या निमित्ताने करणार आहोत. नेवासे म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ज्ञानेश्वरांचा खांब आणि मोहिनीराजाचे देऊळ उभे राहते, व ते स्वाभाविकच आहे. पण या तालुक्याला आणखीही एक इतिहास आहे, आणि तो जितका माणसाचा आहे तितकाच जनावरांचा आहे. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया व डेक्कन कॉलेजातील त्यांचे सहकारी यांनी प्रवरेच्या काठी येथे उत्खनन केले. पुढे १९६६ ते १९६९ या वर्षांत जवळच चिरकी येथे गुड्रून कॉर्विनस या जर्मन विदुषीने अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी व फरशा उजेडात आणल्या. ज्या माणसाने ती हत्यारे घडविली त्याला भूक ठाऊक होती, भीती ठाऊक होती. दंड मात्र ठाऊक नव्हता. त्यानंतर कित्येक सहस्रके लोटली, माणूस शेती करू लागला, तरी शिकार सुटली नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती खणून काढण्यात आली, तेव्हा तेथे गुराढोरांच्या हाडांबरोबर काळविटाचीही हाडे मिळाली. काळवीट हा दख्खनच्या माळाचा मूळचा रहिवासी. तो आमच्या गावांहून पुष्कळ जुना आहे.

जनावर कोणाचे, या प्रश्नाला आपल्या स्मृतिकारांनी दिलेले उत्तर मोठे साधे आहे. ज्याने झाडी तोडून जमीन वाहितीस आणली त्याचे शेत, आणि ज्याचा बाण प्रथम लागला त्याचे हरिण, असा न्याय मनूने नवव्या अध्यायात सांगितला आहे. श्रमाने स्वामित्व उत्पन्न होते, हे त्यातील तत्त्व होय. पण हा न्याय दोन शिकाऱ्यांमधला झाला. शिकारी एका बाजूस आणि राजा दुसऱ्या बाजूस असा वाद उत्पन्न झाला की तेथे बाण कोणाचा हे कोणी विचारीत नाही, रान कोणाचे हे विचारले जाते. आणि रान राजाचे, हे उत्तर प्रश्नाच्या आधीच ठरलेले असते.

या उत्तराची सविस्तर मांडणी कौटिल्याने केली आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सूनाध्यक्ष, म्हणजे खाटिकखान्यावरील अधिकारी, याची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि तेथे दंडाचे एक नमुनेदार कोष्टकच आढळते. ज्या पशुपक्ष्यांना राजाने अभय दिले आहे त्यांना बांधणाऱ्यास, मारणाऱ्यास किंवा इजा करणाऱ्यास उत्तम साहस दंड. अभयवनात हाच अपराध कुटुंबवत्सल गृहस्थाने केला तर मध्यम साहस दंड. ज्या मासे व पक्ष्यांना मारण्याची रूढी नाही त्यांना मारल्यास पावणेसत्तावीस पण, आणि पशू असल्यास त्याच्या दुप्पट. ज्यांना मारण्यास मोकळीक आहे त्यांच्यातील ठरीव हिस्सा सरकारजमा व्हावा. आणि जिवंत पकडलेल्या पशुपक्ष्यांपैकी सहावा भाग अभयवनात सोडून द्यावा. हत्ती मारणाऱ्याची मात्र पैशावर सुटका नाही. त्यास देहान्त शासन सांगितले आहे, कारण हत्ती हे लढाईचे साधन.

हे आकडे आज निर्जीव वाटतात. परंतु त्याच ग्रंथातील वेतनाच्या आकड्यांशेजारी ठेवले की ते बोलू लागतात. राजाच्या चाकरीतील अगदी खालच्या नोकराचे वार्षिक वेतन कौटिल्याने साठ पण धरले आहे, आणि उत्तम साहस दंड म्हणजे पाचशे ते हजार पण. म्हणजे अभयवनातील एका हरणासाठी अशा माणसास कमीत कमी आठ वर्षांहून अधिक काळाची कमाई भरावी लागे. मध्यम साहस दंडाची खालची मर्यादा दोनशे पण, ती झाली तीन वर्षांहून अधिक. एवढी रक्कम त्या माणसाजवळ असणे शक्य नव्हते हे सांगावयास नको. पावणेसत्तावीस पण मात्र पाच महिन्यांच्या वेतनाइतके होतात, आणि कर्ज काढून, दागिना विकून एखादे वेळी ते भरता येत असतील. एकाच कोष्टकात एक दंड फेडता येण्याजोगा आणि दुसरा माणसास बुडविणारा आहे. राजाला जे जनावर स्वतःसाठी हवे होते त्याचा दंड बुडविणारा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच प्रकरणात आणखी एक कलम आहे, व ते आम्हांस विशेष मनोरंजक वाटते. मांस ताज्या मारलेल्या जनावराचेच विकावे. डोके, पाय व हाडे नसलेले, दुर्गंधी सुटलेले किंवा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस विकल्यास बारा पण दंड. डोके व पाय नसल्यास जनावर कोणते होते हे कळत नाही, व म्हणून चोरटी शिकार सहज खपून जाते. कुजलेले मांस म्हणजे व्यर्थ गेलेला जीव. चोरी आणि नासाडी हे दोन निरनिराळे अपराध आहेत, ही जाणीव येथे अस्पष्टपणे दिसते. अमेरिकेतील अलास्का संस्थानाच्या आजच्या कायद्यात तीच जाणीव स्पष्ट झालेली आहे. तेथे परवाना काढून मोठे जनावर मारणाऱ्यानेही त्याचे खाण्याजोगे मांस जाणूनबुजून टाकून दिले, तर त्यास किमान सात दिवसांची कैद व किमान २५०० डॉलर दंड होतो. मारण्याचा हक्क मिळाला म्हणून वाया घालविण्याचा हक्क मिळत नाही, असा त्याचा अर्थ होय. हे तत्त्व आमच्याकडील अलीकडच्या इतिहासात किती तुडविले गेले ते पुढे येईलच.

कौटिल्याच्या राज्यात दंड आहे, पण शिकारीस स्वतः राजा मोकळा आहे. अशोकाने प्रथम राजालाच बांधून घेतले. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, असे तो आठव्या शिलालेखात सांगतो. आणि या आठव्या लेखाचाच एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना वसईजवळ सोपारे येथे सापडला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात अजून दोन मोर व एक हरिण मारले जाते, पुढे तेही मारले जाणार नाही, ही त्याच्या पहिल्या लेखातील कबुली तर सगळ्या राजकीय वाङ्मयात दुर्मिळ आहे. आपल्या ताटापासून आरंभ करणारा कायदेकर्ता आम्हांस फारसा दुसरा आढळला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथे जी शिळा मिळाली तिच्यावरील जुन्या लेखात प्राणी पकडण्यास व मारण्यास कोणा स्वामीने मनाई केली असून, आज्ञा मोडणाऱ्यास दंड सांगितला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखाचा अभ्यास केला. पुढे कित्येक शतकांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळी त्याच शिळेवर दुसरा लेख कोरण्यात आला. आज्ञा झिजली, दगड उरला, आणि दगडाचा दुसरा उपयोग झाला. बहुतेक कायद्यांची कथा याहून वेगळी नसते.

अशोकानंतर राजे पुन्हा शिकारीकडे वळले. मनूने मृगयेची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली, आणि मद्य, द्यूत व स्त्री यांच्या पंक्तीस बसवून तिला अतिशय घातक चार व्यसनांपैकी एक म्हटले. तरी बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने आपल्या मानसोल्लास ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे सांगोपांग वर्णन केले, ते करमणूक म्हणूनच. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांत शिकारखाना होता, आणि पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावाचा शिकारखाना प्रसिद्ध होता. त्या काळच्या कागदपत्रांत दंडाला गुन्हेगारी असेच नाव आहे. वादात हरलेल्याने गुन्हेगारी भरावी आणि जिंकलेल्याने हरकी. दोन्ही पक्षांकडून काही ना काही सरकारात यावयाचेच! दंड हा न्यायाचा भाग असतो तसाच तो उत्पन्नाचाही असतो, हे या दोन शब्दांइतके स्वच्छ दुसरे कशाने समजणार?

या सगळ्या राजवैभवाच्या काळातच शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरीची रचना झाली. तिच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचा विस्तार करताना ज्ञानेश्वरांनी एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला आहे: एका जीवाचे औषध करण्यासाठी दुसऱ्या जीवाचा घात करणारी दया ही कोणती दया? त्या विवेचनात दंड नाही, राजा नाही. अहिंसा ही बाहेरून लादलेली मनाई नसून चालण्याबोलण्यात मुरलेली वृत्ती आहे, असे ते सांगतात. कायद्याचा अभ्यास करणाऱ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे. कारण कोणताही दंड ज्या ठिकाणी पोहोचू शकत नाही ते ठिकाण तेथे दाखविले आहे.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ, कारण आमच्या आजच्या कायद्याची एक मुळी तिकडे गेलेली आहे. इंग्लंडचा इतिहास शिकविताना मॅग्ना कार्टाचा उल्लेख करीत नाही असा प्राध्यापक विरळा. पण १२१७ साली निघालेली रानांची सनद बहुधा पाठ्यपुस्तकाबाहेरच राहते. नॉर्मन राजांनी विस्तीर्ण मुलूख आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला होता, आणि राजाचे हरिण मारणाऱ्यास प्राणास किंवा अवयवास मुकावे लागे. या सनदेने ते बंद केले. यापुढे हरणासाठी कोणाचा जीव किंवा अवयव घेतला जाणार नाही. ऐपत असेल तर जबर दंड घ्यावा, ऐपत नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस कैदेत ठेवावे, असे ठरले. शिक्षेच्या इतिहासात हे मोठेच पाऊल होते, आणि त्याबद्दल दंडाचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु त्या वाक्याचा उत्तरार्ध पुन्हा वाचावा. एकाच हरणासाठी श्रीमंताने थैली सोडावी आणि गरिबाने वर्षभर घर सोडावे. दंड दयेच्या पोटी जन्मला, पण तो जन्मतःच दोन तोंडांचा होता.

हीच दोन तोंडे इंग्रजी अमलात नेवाशाच्या माळावर दिसू लागली. १९२७ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण नेवाशासारख्या उघड्या मुलखात राखीव जंगल ते किती! तेथे महत्त्वाचा होता १९१२ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा. त्याच्या परिशिष्टात माळढोक, तित्तिर, बदके, हरणे, ससे अशी नावे होती. सरकारने जाहीर केलेल्या बंदीच्या काळात त्यांना मारल्यास ५० रुपयांपर्यंत दंड, आणि दुसऱ्यांदा अपराध घडल्यास एक महिन्यापर्यंत कैद, किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पिकाच्या रक्षणासाठी खऱ्या हेतूने जनावर मारणाऱ्या शेतकऱ्यास मात्र हा कायदा लागू नव्हता. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते, आणि तिच्या पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा नदीच्या मध्यधारेशीच थांबे. हरणाला ती सीमा ठाऊक नसली तरी चोरट्या शिकाऱ्यास ती ठाऊक असणारच.

पन्नास रुपये ही रक्कम कोणाला किती वाटत असेल? बंदूक, घोडे व तंबू घेऊन हिंडणाऱ्या साहेबाला, किंवा त्याच्या मागोमाग शिकारीचा नाद लागलेल्या जहागीरदाराला, ती करमणुकीच्या खर्चातली एक बाब होती. शेतमजुराच्या दृष्टीने मात्र ती कित्येक महिन्यांची मजुरी झाली. आणि या माळावर ज्यांचे पोटच शिकारीवर होते त्या फासेपारध्यांची स्थिती तर त्याहून बिकट. तातीचे फासे जमिनीत खुंट्या ठोकून मांडावेत, हरणांना हळूहळू त्या बाजूस वळवावे, तित्तिर व लावे जाळ्यात धरून बाजारी विकावेत, ही त्यांची पिढीजात विद्या. मारलेल्या जनावराचे मांस ते खात, कातडे विकीत. नासाडीचा आरोप त्यांच्यावर करणे कठीणच होते. कायद्याने परवानेवाल्या बंदुकीस खेळ म्हटले, आणि फाशास चोरी. त्यातच गुन्हेगार जमातींच्या कायद्याने, ज्याचा आरंभ १८७१ साली झाला आणि जो १९५२ साली रद्द झाला, पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. ज्याचा जन्मच अपराध ठरला त्याला दंडाच्या पावतीने सुटका कोठून मिळणार?

उलट, खऱ्या नासाडीस दंड नव्हता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूर संस्थानात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ जी शिकार झाली तीत एका दिवसात ३९ बंदुकांनी ४,२७३ पक्षी पाडले. त्यांतील किती पक्षी कोणाच्या पोटात गेले असतील याचा विचार वाचकांनीच करावा. संस्थानाच्या हद्दीत, संस्थानिकाच्या आमंत्रणावरून, साम्राज्याच्या प्रतिनिधीने केलेली ही गोष्ट कोणत्याही कलमाखाली अपराध नव्हती. १९४७ साली कोरिया संस्थानाच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. १९५२ साली चित्ता या देशातून नष्ट झाल्याचे सरकारने मान्य केले. पिकाच्या कडेला फासा मांडणाऱ्या पारध्यामुळे चित्ता नाहीसा झाला नाही. आम्ही पारध्यांस निर्दोष ठरवू इच्छितो असे नव्हे. माळ आटत गेले व जनावरे विरळ झाली तेव्हा फाशानेही भर घातलीच. पण दंडाचा भार आणि नाशाचा भार यांची वाटणी एका मापाने झाली नाही, एवढे तरी म्हणणे भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली स्वतःचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा केला, आणि १९७२ साली सर्व देशासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. या अधिनियमाने जनावराच्या मालकीचा जुना प्रश्न निकालात काढला. शिकार केलेले वन्य जनावर सरकारची मालमत्ता, असे त्याचे ३९ वे कलम सांगते. आरंभी काही वर्गांतील शिकारीसाठी परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तो मार्ग बंद झाला. दंडाचा चढता आलेख तर पाहण्यासारखा आहे. १९७२ साली सर्वसाधारण अपराधास २,००० रुपयांपर्यंत दंड होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो २५,००० पर्यंत गेला, आणि २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, एक लाखापर्यंत. पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांसाठी, ज्यांत काळवीट येतो, कैद अनिवार्य आहे, आणि शिवाय किमान दंड ५०० रुपयांपासून ५,०००, मग १०,००० आणि आता २५,००० असा वाढत आला. १९१२ चे पन्नास रुपये आणि आजचे एक लाख यांचे प्रमाण कागदावर दोन हजार पट भरते. रुपयाची किंमत या काळात किती घसरली हे घरोघरी ठाऊक असल्यामुळे, त्या वाढीतील खरी किती आणि भासाची किती याचा अंदाज गृहिणीसुद्धा करू शकतील.

येथे नेवाशाची गोष्ट पुन्हा सुरू होते. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य जाहीर झाले ते सोलापूर व अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत पसरले होते, आणि कर्जत व श्रीगोंदे यांच्याबरोबर नेवासे तालुक्याचाही भाग त्यात होता. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. कौटिल्याचे अभयवन चोहोबाजूंनी राखलेले असे. हे अभयारण्य मात्र गावे, शेते, रस्ते व बाजारपेठा यांच्यावरून ओढलेली एक रेघ होती. शेतकऱ्याला एके दिवशी कळले की, आपण पिढ्यान्‌पिढ्या कसतो ती जमीन अभयारण्यात आहे. त्यापुढे जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, कामे अडली, तक्रारी वाढल्या. आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. पक्षी वाचला असता तर हा सर्व त्रास सार्थकी लागला असे म्हणता आले असते. परंतु माळढोक आज महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळ नांगराखाली आले, पाट आले, ऊस आला. आणि माळावाचून माळढोक कसा राहणार? ज्या उसाने माळ घेतला त्याच उसात आता बिबटे राहू लागले आहेत. नांगराला दंड नाही, व तो असावा असे कोणी म्हणणारही नाही. पण गोळी घालणाऱ्यास दंड केला म्हणजे पक्ष्याचे रक्षण झाले, हा समज किती अपुरा आहे हे नेवाशाच्या या उदाहरणाने शिकावे.

याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटासाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. येथे काळवीट टिकला, वाढला, आणि वाढला म्हणून आसपासच्या शेतांतही शिरू लागला. शेतकऱ्यापुढे आता मोठाच पेच आहे. १९१२ च्या कायद्यात पीक राखण्यासाठी जनावर मारण्याची जी मुभा होती, ती आजच्या कायद्यात काळविटाच्या बाबतीत उरलेली नाही. माणसाच्या जिवास धोका असेल, किंवा जनावर बरे न होण्याइतके जायबंदी वा रोगट असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतो. पिकाच्या नुकसानीसाठी नाही. मनाई योग्यच आहे, असे आमचे मत आहे. पण मग त्या मनाईची किंमत कोणी भरावयाची? जनावर सरकारची मालमत्ता असेल, तर सरकारच्या मालमत्तेने खाल्लेल्या ज्वारीचा हिशेबही सरकारने त्याच तत्परतेने दिला पाहिजे. महाराष्ट्रात अशा नुकसानीबद्दल भरपाईची तरतूद आहे. ती वेळेवर व पुरेशी हातात पडते की नाही, यावर त्या शेतकऱ्याच्या मनात काळवीट शेजारी ठरणार की शत्रू, हे अवलंबून आहे. मालकी सांगावयाची आणि नुकसान दुसऱ्याचे ठेवावयाचे, हा व्यवहार कोणत्याही पंचायतीत टिकणार नाही.

दंडाने जे साधत नाही ते कशाने साधते, याचा एक दाखला राजस्थानात मिळतो. जोधपूरजवळ कांकाणी गावी ऑक्टोबर १९९८ मध्ये दोन काळविटांची शिकार झाली. त्या खटल्यात ५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने एका सुप्रसिद्ध चित्रपटनटास पाच वर्षांची कैद व १०,००० रुपये दंड सांगितला. दोनच दिवसांनी तो जामिनावर सुटला, व पुढे प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले. दहा हजारांचा आकडा वाचून ज्याला हसू येणार नाही असा माणूस विरळा. तो दंड त्याच्या एका दिवसाच्या प्राप्तीशीही तोलता येणार नाही. परंतु त्या खटल्यातील खरी वस्तू दंड ही नव्हेच. बंदुकीचा आवाज ऐकून रात्री बाहेर पडणारे, आणि वीस वर्षे साक्षीपासून न ढळणारे बिश्नोई खेडूत ही ती वस्तू होय. त्यांना कोणी पगार दिला नव्हता, की बक्षीस लावले नव्हते. काळवीट सरकारचा आहे असे त्यांना वाटत नव्हते. तो आपला आहे असे वाटत होते. ज्ञानेश्वरांनी जिला वृत्ती म्हटले, तीच ही.

तर मग दंड टाकून द्यावा काय? आमचे तसे म्हणणे नाही. प्रत्येक गाव बिश्नोईंचे नसते, आणि वृत्ती तयार होईपर्यंत हरणांना थांबावयास सांगता येत नाही. पण दंड शिक्षा म्हणून राहावयाचा असेल तर त्याने किंमत होण्याचे टाळले पाहिजे. आणि किंमत होण्याचे टाळावयाचे असेल तर तो देणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे बदलला पाहिजे. फिनलंडने १९२१ पासून दिवसाच्या मिळकतीच्या हिशेबाने दंड करण्याची पद्धत स्वीकारली आहे, म्हणून ही कल्पना परकी समजण्याचे कारण नाही. जेथे सामान्य माणसास एक कार्षापण दंड होईल तेथे राजास सहस्र व्हावा, असे मनूनेच आठव्या अध्यायात सांगून ठेवले आहे. आणि चोरीच्या बाबतीत तर ज्याला अधिक समजते त्याला अधिक दंड, असा चढता क्रम लावला आहे. त्या स्मृतीतील पुष्कळ गोष्टी आम्हांस मान्य नाहीत, व त्यांचा त्याग झाला हे बरेच झाले. हे एक सूत्र मात्र धुळीत पडू देण्यासारखे नव्हते.

नाथसागराचा फुगवटा आता नेवासे तालुक्याच्या कडेपर्यंत आला आहे. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले, आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदके त्या पाण्यावर उतरतात. त्यांपैकी एखादे कोणी चोरून मारले तर कायदा त्याला गाठो, व तो श्रीमंत असेल तर अधिक जोराने गाठो. पण काठावरच्या शेतकऱ्याचे पीक, धरणात गेलेल्या गावाची आठवण, आणि ज्याच्या फाशाची विद्या आता निरुपयोगी ठरली त्या पारध्याची भाकर, यांचाही हिशेब त्याच वहीत लिहिला गेला पाहिजे. पक्ष्यांची चाल आणि हरणांच्या वाटा पारध्याइतक्या कोणास कळतात? ज्याला आम्ही शंभर वर्षे दंड करीत आलो त्याला राखणदार नेमून वेतन देणे, हा खर्च कोणत्याही दंडापेक्षा अधिक जनावरे वाचवील, अशी आमची समजूत आहे. दंडाची पावती गुन्हा संपला असे सांगते. माळावर पुन्हा हरिण दिसले म्हणजेच तो खरोखर संपला असे म्हणावयाचे.